यादीबाहेरचं घर

१०.०० : भोंगा वाजेल.

वाजला. देवकाबाई ओट्यावर तयारच होती. आधार कार्ड, बीपीच्या गोळ्या, एक लुगडं, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत. दवंडीत सांगितलं होतं: वणा नदीला पूर आला असं समजायचं. आपल्या मनानं कोणी निघायचं नाही, पथक घरी येऊन शाळेत नेईल. शेजारच्या पाच देशांचे अधिकारी सराव पाहायला आले होते. पुराला सरहद्द नसते म्हणे. एकमेकांचं पाहून शिकायचं.

आपल्याला कोणी न्यायला येणार, एवढ्यासाठी ती सकाळीच न्हाऊन बसली होती.

१०.१० : पथक दारोदार जाईल.

गेलं. आशा सेविका रूपाली पुढे होती. शेजारच्या म्हाताऱ्या डोमाजीला खुर्चीसकट उचललं. मग पलीकडचं घर. मधलं सोडून.

"काऊन वो रूपाली, मी दिसत नाई का तुले?"

"मावशी, यादी रेशनकार्डावरून हाये. तुमचं नाव पोरानं, प्रफुलभाऊनं, नागपूरले नेलं ना? इथं घर बंद दाखवते. चाला तुम्ही, शाळेत पोहे हायेत."

"पोहे माह्या घरी बी हायेत. न्यायले येजो, मग येतो."

"या वो देवकाबाई," डोमाजी खुर्चीतून ओरडला, "फुकटची पालखी हाये!"

ती उठली नाही.

१०.४० : गाव रिकामं.

असं यादी म्हणते. गल्लीत एक नळ ठिबकत होता. मांडीवरची पन्नी तिनं उलगडली, पुन्हा गुंडाळली.

१०.५५ : पाहुणे पाहणी करतील.

बांगलादेशच्या बाई ओट्यापाशी थबकल्या.

"ये कौन?"

"लिस्ट में नहीं है, मॅडम," रूपाली म्हणाली.

"हमारे यहाँ भी पहले ऐसे ही लोग छूटते थे," बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या आणि देवकाबाईशेजारी ओट्यावरच बसल्या. "नाम लिखो."

रूपालीनं अर्ज काढला. नाव. वय एकाहत्तर. आजार.

"संकटात कोणाले कळवायचं, मावशी?"

"प्रफुल." नंबर तिला पाठ होता.

नंबर लावून पाहायचा नियम होता. रूपालीनं स्पीकरवर लावला. रिंग जात राहिली. पाचही देश ऐकत होते.

"उचलून नाई राह्यले."

"कामात असन."

"दुसरं कोणी?"

देवकाबाईनं गल्लीकडे पाहिलं. दारं सगळी लावलेली होती. सरावापुरतं का होईना, गाव शाळेत गेलं होतं.