दिरासमोरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. प्लास्टिकची, मरून रंगाची. साच्यातून निघाले तेव्हा गरम होते. त्यानंतर काही गरम लागल्याचं आठवत नाही.

आधी एका मंगल कार्यालयात होते. मग धाराशिवला, कोर्टाच्या मध्यस्थीच्या खोलीत आले. न्यायाधीश दावा इथं पाठवतात, समोरासमोर बसून मिटतो का बघा म्हणून. इथलं बोलणं इथंच राहतं, कोर्टात त्याची साक्ष होत नाही. मध्यस्थ म्याडम हे प्रत्येकाला सांगतात; मला पाठ झालंय. दार आपटलं की मात्र मी अजून दचकते.

एकदा जळकोटच्या कमलबाई आल्या. त्यांच्या शेताची वाट थोरल्या दिरांच्या, कोंडीरामांच्या रानातून. नऊ वर्षं ती अडवलेली. पेरणीला बैल काय डोक्यावरून न्यायचे?

म्याडम म्हणाल्या, "बसा."

कमलबाई फरशीवर बसल्या.

"खुर्चीवर बसा. इथं सगळे सारखे."

"न्हाय म्याडम. दीर बसलेत."

म्याडमना वाटलं, बाई हट्टाला पेटली. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज चढला, तशा कमलबाई उठून दाराकडं निघाल्या.

तेव्हा कोंडीरामांनी आपली खुर्ची फिरवली, भिंतीकडं तोंड करून बसले. "आता बसा म्हणावं तिला. मला काय दिसंना."

त्या बसल्या. इतक्या हलक्या, की मला कळलंच नाही.

"म्याडम, त्यांना म्हणावं, बैलगाडीपुरती वाट द्या."

"देतो म्हणावं. पर चिंचेच्या अंगानं, मधून न्हाय."

"चालंल म्हणावं."

"आन् तिच्या पोराला सांगा, गाडी नीट हाक. आंधळ्यावानी हाणतंय."

कमलबाई पदराआड हसल्या.

कोंडीरामांचे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले होते. कागद पुढच्या तारखेला करायचं ठरलं.

त्या तारखेला कोंडीराम नव्हते. ते वारून पंधरा दिवस झाले होते. त्यांचा मुलगा रणधीर आला, डोकं भादरलेला. "दादा असं बोलले, तर कागद दाखवा."

"मी स्वतः ऐकलंय," म्याडम म्हणाल्या.

"मग कोर्टात सांगा."

म्याडमनी फाईल पुढं ओढली.

'तडजोड झाली नाही' असा शेरा घेऊन फाईल परत गेली. कमलबाई या वेळी माझ्यावरच बसल्या होत्या. पुतण्यासमोर कसला संकोच? तारीख विचारली आणि एस्टी गाठायला निघाल्या.

मीही ऐकलं होतं. मला कोण विचारतंय.

आता माझा एक पाय चिरलाय, सुतळीनं बांधलाय. कुणी रडलं, भांडलं, तरी आत काही हलत नाही. एवढंच सांगते: इथं आलात आणि पटलं, तर वकील येवोत न येवोत, त्याच दिवशी लिहून घ्या. सही करा. मगच माझ्यावरून उठा.