असोद्याचं स्थळ

बेघर कुटुंबांना भाड्याचं घर मिळवून देणारं आमचं जळगावचं मंडळ पूर्वी वधूवर सूचक मंडळ होतं. पुढे मुलंमुली मोबाइलवर परस्पर जमवू लागली आणि अध्यक्ष अभिमन नानांना कोणी विचारीना. मंडळाकडे सतरंज्या, एक माइक आणि पन्नास माणसांच्या पोह्यांची कढई शिल्लक होती. एवढं सामान असताना समाजसेवा न करणं बरं दिसलं नसतं.

नानांनी उद्देश बदलला, पद्धत बदलली नाही. घर म्हणजे मुलगा, बेघर कुटुंब म्हणजे मुलगी आणि घरमालक म्हणजे मुलाची आई. डिपॉझिट म्हणजे काय, ते सांगायला नको. कायद्याने त्या शब्दाला बंदी आहे. कुठे खोली रिकामी झाली की नाना म्हणत, "एक स्थळ आलंय." मग कुटुंबाला धुतलेले कपडे घालून दाखवायला न्यायचं. पोहे मुलीकडचे, म्हणजे आमचे. ते चिटणीस हेमलताताईंच्या घरी होत आणि डब्यातून रिक्षाने जात. घरमालक पोहे संपवून हात पुसत म्हणत, "कळवतो." या शब्दाचा अर्थ कुठल्याही मुलीच्या बापाला विचारावा.

तरीही बरीच घरं जमली, हे मान्य केलं पाहिजे. नवल आणि रुपलीचं मात्र जमेना.

नवल चोपड्याच्या वरचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. पाऊस पडला तर शेती, नाही तर जळगावात सेंट्रिंगचं काम. दोन वर्षं तो बायको-मुलीसह एका इमारतीच्या पायाशी पत्र्याच्या खोपटात राहिला. इमारत पूर्ण झाली. तिच्यात राहायला माणसं आली, म्हणून ज्यांनी ती उभी केली त्या माणसांना उठावं लागलं. तेव्हापासून तिघं रेल्वे पुलाखाली. आता तिथेही सोमवारी जाळी बसून बाग होणार होती. झेंडूच्या कुंड्या आधीच येऊन राहिल्या होत्या. त्यांना कोणी डिपॉझिट विचारलं नव्हतं.

रुपलीची काळजी वेगळी होती. सहा वर्षांची शीतल झोपेत चालायची. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला ट्रक. म्हणून रुपली रोज आपला पाय आणि पोरीचा पाय एका सुतळीने बांधून झोपायची. स्थळ बघायला गेलं की नाना छप्पर बघत, हेमलताताई नळ बघत. रुपली फक्त दाराची कडी लावून बघायची. लावायची, काढायची, परत लावायची.

पहिल्या घरमालकाने मूल लहान म्हणून नकार दिला, भिंतीवर लिहील. दुसऱ्याने विचारलं, "दोघं कामाला जाता, मग पाणी आलं की मोटार कोण लावणार?" तिसऱ्याने विचारलं, "खाता काय?" रुपली म्हणाली, "भेटनं ते." खरं उत्तर होतं. गेलं स्थळ.

शनिवारी असोद्याचं स्थळ आलं.

कुंदाबाईंच्या मागच्या दोन खोल्या. बाई एकट्या, वांग्यांचं शेत, जिभेला धार. आधीचा भाडेकरू जाताना बल्ब घेऊन गेला होता आणि बल्ब चालू राहावा म्हणून असेल, बटणंही घेऊन गेला होता.

त्यांनी पोह्याची बशी हातात घेतली आणि रुपलीला आपादमस्तक न्याहाळलं. "स्वयंपाक येतो का वं?"

"येतो, येतो!" नाना घाईने म्हणाले. "भाकरी तर अशी करते..."

"तुम्ही खाल्ली का?"

"नाही."

"मग तिले बोलू द्या नं बाप्पा."

रुपली दारापाशी कडी लावून बघत होती.

"कडी मोडू नको माय," कुंदाबाई म्हणाल्या. "बरं, मुद्द्याचं बोलू. दहा महिन्यांचं डिपॉझिट. मागच्यानं मले शहाणं केलं."

मंडळाकडून दोन महिन्यांचं भाडं आगाऊ देता येत होतं. दहा महिने म्हणजे कढई विकावी लागली असती. नानांनी मुरलेल्या मध्यस्थाचा आवाज लावला. "नवल, आपण मुलीकडचे. आपल्याला वाकावं लागतं. हात जोड."

नवलने हात जोडता जोडता थांबून विचारलं, "नाना, आम्ही पोरगीवाला ना?"

"हो."

"आन् घर पोरगा शे?"

"बरोबर."

"मंग पैसा घरवालासनी देवाले पायजे ना! आम्हना पाडावर पोरगावाला पैसा देतस, पोरगीना बापले."

कुंदाबाईंचा चमचा हवेतच राहिला. सातपुड्यात मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात, हे नानांना ठाऊक होतं. पण त्याचा भाड्याच्या खोलीशी संबंध येईल, हे त्यांच्या उभ्या कारकिर्दीत कोणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे मी खोल्या देऊ आणि वरून पैसे बी देऊ?" कुंदाबाई कडाडल्या. "मग माहं घर मुलगा नही. मुलगी शे! घ्या! आता याच्या रीतीनं यानंच पैसे द्यावे."

"जरूर," हेमलताताई थंडपणे म्हणाल्या. "पण घर मुलगी म्हटलं की तुम्ही मुलीची आई झालात. आणि तुमच्या असोद्यात मुलीची आईच खर्च करते. जेवणावळीसकट."

कुंदाबाईंनी बराच विचार केला. एका रीतीने मुलगा केला तरी पैसे जात होते, दुसऱ्या रीतीने मुलगी केली तरी जात होते. "हे घर म्हणजे भलतंच महागाचं लेकरू निघालं," त्या म्हणाल्या.

नाना घाम पुसत होते. स्थळ मोडणार, हे त्यांनी नुसत्या बशीवरून ओळखलं. सोमवार मध्ये एक रविवार ठेवून उभा होता. आणि मग दाराकडून रुपली त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली.

"पोरगीच राहू द्या, अक्का. पन आम्हनाकडे पैसा नही. आम्हनामा पैसा नही तं जवाई सासराना घर राहाले जास. तठेच राहस, काम करस."

"म्हणजे?"

"म्हनजे हाऊ नवल, तुम्हना जवाई. आते त्याले घरमा राहवा पडी."

नानांनी मांडीवर थाप मारली. आयुष्यभर ज्या एका वाक्यासाठी त्यांनी पोहे खाल्ले, ते दुसऱ्यानेच म्हटलं होतं. "घरजावई! कुंदाबाई, डिपॉझिटचा प्रश्नच मिटला!"

"काम करशीन?" कुंदाबाईंनी नवलला विचारलं. "वांगे तोडाले माणूस भेटत नही मले."

"करसू. मजुरी लिसू, भाडं दिसू."

"जावई कुठं मजुरी घेतो का रे?"

"सासू भाडं लेस का, अक्का?"

कुंदाबाईंनी बशी खाली ठेवली. रिकामी. रिकामी बशी खाली ठेवून हात न पुसणं म्हणजे आमच्या धंद्यात होकार. "बोलाले बरा शे," त्या म्हणाल्या. "बल्ब मात्र स्वतःचे आणा."

अकरा महिन्यांचा करार झाला. एवढ्या मुदतीचं लग्न नानांनी यापूर्वी लावलं नव्हतं; आपोआप मोडलेली पाहिली होती.

रविवारी मंडळ सतरंज्या घेऊन असोद्याला गेलं. वऱ्हाड आम्हीच. कुंदाबाईंनी शेतातली वांगी काट्याकुट्यांवर भाजली, बडगीच्या लाकडी भांड्यात ठेचली, आणि भरीत-भाकरी वाढताना पहिलं पान जावयाचं मांडलं. नवल लाजून अर्धी भाकरीच खाऊ शकला. उरलेली नानांनी खाल्ली. अडचण आली ती जेवणानंतर. कुंदाबाईंना एकदम आठवलं, "अहो नाना, घर जर नवलची बायको, तर ही रुपली कोण?"

"सवत," हेमलताताई म्हणाल्या. "कायद्याने गुन्हा आहे. करार मी केलाय, माझंही नाव येईल."

नानांनी भीतीने रुपलीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, शीतल मांडीवर झोपलेली. "ऱ्हाऊ द्या नाना," ती म्हणाली. "सवत चांगली शे. डोकावर सावली धरस, आन् बोलत नही."

मग तिने सगळ्यांदेखत पायातली सुतळी सोडली आणि त्याच सुतळीला शीतलचा फ्रॉक वाळत घातला.

हे झालं हिवाळ्यात. परवा, धोंड्याचा महिना लागताच कुंदाबाईंचा नानांना फोन आला. यंदा जावयाला वाण द्यावं लागणार, तिथवर त्यांची तक्रार नव्हती. "त्याले टोपी, उपरणं घेतलं. पण मुलीच्या सवतीले काय देता हो? शेजारी विचारून राहिले."

पन्नास माणसांच्या कढईएवढा अनुभव असलेल्या नानांनी प्रश्न पुढे ढकलला. "तिलाच विचारा," ते म्हणाले.

फोनवर कुंदाबाईंची हाक ऐकू आली, आणि लांबून रुपलीचं उत्तर, अजिबात न थांबता:

"मागला दारले बी एक कडी, अक्का!"