शिंक्यातली पणती

बोर्डिंगच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अमावस्येची टळटळीत दुपार, आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं भाकरी बांधून भूत बघायला आलेली.

"बघा, डोळं फाडून बघा!" कल्याणप्पा देवऋषीनं पेटती पणती शिंक्यात ठेवली आणि वरच्या पायरीवर उभं राहूनच दोरीनं खालच्या खोलीत सोडली. फरशीशी टेकताच ज्योत मिणमिणली आणि विझली. वारा नाही, वावटळ नाही.

"फुंकलं मेल्यानं! आता माझा मंतर." त्यानं पणती वर ओढली, पेटवली, छातीशी धरून ओठ हलवले. ज्योत सरळ जळत राहिली. गर्दीनं हात जोडले.

"बांधलाय. पर कवाबी सुटंल. त्याला ऱ्हायला अंग गावलंय." त्याचं बोट कस्तुराबाईवर थांबलं.

कस्तुराबाई बोर्डिंगची स्वयंपाकीण. भूत तिच्याही आधीचं. कधी काळी नापास झालेला एक मुलगा म्हणे आवारातल्या विहिरीत पडला. मग दरवर्षीच्या पोरांनी त्यात भर घातली. कुणाला पाटी खरवडल्याचा आवाज आला, कुणाला उर्दूतले पाढे ऐकू आले. परवा कस्तुराबाई गोवऱ्या आणायला त्या खोलीत उतरली, वाकली आणि तिथंच कोसळली. मास्तरांच्या बायकोनं, जगदेवीनं, तिला पायरीवरूनच पाय धरून बाहेर ओढलं. उघड्यावर ती शुद्धीवर आली, पण तोवर गावानं निकाल दिला होता: भूत लागलं.

आता चुलीत विळा तापत होता. पाठीवर डाग द्यायचा आणि दिवस बुडायच्या आत बाईला वेशीबाहेर घालवायचं.

"द्या बाबा डाग," कस्तुराबाई थकून म्हणाली. "पर उद्या लेकरांच्या भाकरी कोण थापंल, तेवढं सांगा."

जगदेवी तान्ह्या अयोध्याला कडेवर घेऊन उभी होती. लेकीला दात येत होते. कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. ह्याच कस्तुराबाईनं आईविना बाळंतीण झालेल्या जगदेवीचं अंग रगडलं होतं, ह्याच लेकीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं.

खोलीतून आंबूस वास आला. जगदेवीनं तो ओळखला. माहेरी अणदूरला पेव उघडलं, म्हणजे जमिनीतलं ज्वारीचं कोठार उघडलं, की असाच वास यायचा. आणि वडील आत माणूस उतरवायच्या आधी दोरीनं दिवा सोडायचे. विझला तर उतरायचं नाही.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. चन्नबसप्पा मास्तरांनी मान खाली घातली.

"अहो, खाली पेव हाय?"

"हळू बोल," ते पुटपुटले. "लेव्हीतनं, सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीतनं, वाचवलेली ज्वारी हाय. पटवाऱ्याला कळलं तर सगळी उचलून नेईल. पोरं काय खातील?"

"आन् कस्तुराबाईंच्या पाठीवर विळा?"

"मला वाटलं, कल्याणप्पा अंगारा लावून भागवंल."

जगदेवीला रागवायचंही त्राण नव्हतं. तिनं अयोध्याला त्यांच्या हातात दिलं. "हिला धरा. नीट सांभाळा."

ती पायरीशी गेली आणि शिंकं हातात घेतलं.

"कल्याणप्पा, मला मंतर येत न्हाय. तरी बघू."

पणती खाली सोडली, विझली. वर ओढून पेटवली, छातीशी धरली, जळत राहिली. तिनं ओठ घट्ट मिटून ठेवले होते.

"सूनबाई, गप ऱ्हावा!" बोर्डिंगचे पंच वीरप्पा ओरडले.

पण मागून एक म्हातारा पुढं आला होता. "आरं तिच्या! ही तर पेवाची हवा!"

"व्हय अण्णा. तुमच्या घरी पेव असंलच की."

"घरोघर हाय. आमी बी असाच दिवा सोडतो."

"मग हितं भूत कसं झालं?"

दार सताड उघडं टाकून, खोलीत वारं खेळल्यावर, गड्यांनी फरशी उचलली. खाली पावसाचं पाणी झिरपून काळी पडलेली ज्वारी होती. ओला दाणा आतल्या आत तापतो, चांगली हवा खातो आणि जड, वाईट हवा सोडतो. ती तळाशी साचते. तिथं दिवा विझतो, वाकलेल्या माणसाचा जीव घुसमटतो. छातीच्या उंचीवर मंत्र लागत नाही.

"भुतानंच ज्वारी कुजवली!" कल्याणप्पा अजून अडून होता.

"मग लेव्ही बी त्यालाच मागा म्हणावं," म्हातारा म्हणाला, आणि आवार हसलं.

कस्तुराबाईनं पदरानं धरून विळा चुलीतून काढला आणि पाण्यात बुचकळला. चर्र आवाजानं अयोध्या दचकली, मग खुदकन हसली.

पटवारी आला. पेवात सुकी, चांगली उरलेली ज्वारी तेवढी घेऊन गेला. पोरं कितीतरी दिवस पातळ आंबिलीवर राहिली. मास्तर जगदेवीशी बोलत, पण डोळे चुकवून. आणि भूत? पुढच्या वर्षीच्या पोरांनी ते पुन्हा विहिरीत नेऊन बसवलं.

कुणी घाबरत सांगत आलं, की जगदेवी पोरीला खांद्यावर टाकून दमल्या आवाजात म्हणे, "चल, दिवा सोडून बघू." बाबांनो, माझंही एवढंच सांगणं: भीती वाटते, ती सगळ्यांनाच वाटते. पण घरच्या पेवापाशी वापरता ती अक्कल परक्या उंबऱ्यावर टाकून येऊ नका. कुणा बाईसाठी विळा तापवण्याआधी दिवा का विझला, एवढं तरी विचारा.