अडीच दिवसांची खडी

आमच्या रस्त्यावरची खडी अडीच दिवस राहते. तिसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली की उठते आणि निघून जाते.

पहिल्यांदा गेली तेव्हा मी ओटीवर झोपाळ्यात बसून तांदूळ निवडत होते. आधी वाटलं सुपातलाच आवाज आहे. मान वर केली तर ओटीपासून बेड्यापर्यंतची सगळी खडी रांगेने उतरत होती. बेडं म्हणजे आमचं बांबूंचं फाटक. घाई कसलीच नव्हती. दगडी गडग्याच्या कडेकडेने गेली, खालच्या बांबूखालून बाहेर पडली आणि खाणीच्या वाटेला लागली. एकाही खड्याने मागे वळून पाहिलं नाही. तांदळातून काढून मी बाजूला ठेवलेले तीन बारीक खडे होते, तेही टुणटुण उतरून रांगेच्या शेवटी लागले.

मी उरलेले तांदूळ निवडून संपवले. अर्धवट टाकून बघत बसायची मला सवय नाही.

रस्ता कुंदासाठी केला. गावाला मी सांगितलं, गॅसवाला सिलिंडर खालीच ठेवून जातो म्हणून. कुंदा माझी मुलगी. अकरा वर्षांत ती या घरी आली नाही आणि अकरा वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिचं जे काही कळतं ते सुनेच्या फोनवरून. मुलगा माझा बोटीवर असतो, घरात मी आणि सून अपर्णा, दोघीच. माघात एकदा पोळ्या लाटता लाटता अपर्णा म्हणाली, "वन्संचं खुब्याचं हाड मोडलंय. जोडलंय, पण चढण चढायची नाही म्हणून सांगितलंय."

"मग?"

"मग काही नाही. यंदा गौरींना यावं असं त्यांच्या मनात होतं. पाखाडी कशी चढणार."

खालच्या डांबरी रस्त्यापासून आमच्या ओटीपर्यंत दगडी पाखाडी होती. एकोणसाठ पायऱ्या. दुसऱ्या दिवशी दाऊद मुकादमाला बोलावलं आणि ती फोडायला सांगितली.

"काकी, तुमच्या सासऱ्यांनी बांधलेली पाखाडी आहे."

"त्यांना आता चढायचं नाहीय."

दाऊदने पायऱ्या उपटल्या, उतार तासला, त्याच पायऱ्यांचे दगड फोडून तळाला बसवले आणि वर आवळ्याएवढी काळी खडी ओतली. मी त्यातली मूठभर सुपात घेऊन पाखडून बघितली. त्याला हसू आलं.

"खडी अशी बघतात होय, काकी?"

"तू कशी बघतोस?"

"गुळगुळीत गोटा नको. कोन असले की खडे एकमेकांत अडकतात. मग जागचे हलत नाहीत."

"कोन असून टिकत असतं तर आमच्या घरातून कोणी गेलंच नसतं," मी म्हटलं. मग मधोमध उंचवटा ठेवून, दोन्ही अंगांना पाण्यासाठी चर काढून, वर कच पसरून, पाणी मारमारून त्याने रोलर फिरवला. रस्ता असा बसला की वरून बशी घरंगळत सोडावी. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी खडी गेली.

संध्याकाळी दाऊद आला. म्हणाला, "काकी, खडी खाणीत परत आली."

"सगळी?"

"सगळी. दमलेली आहे."

"मग उद्या परत आण."

त्याने आणली. त्यालाही ते जिव्हारी लागलं होतं. मुकादमाची खडी पळते असं पंचक्रोशीत झालं तर त्याला काम कोण देणार. मी रोज सकाळी दाताळं घेऊन ती विंचरत असे. वरपासून खालपर्यंत, एका दिशेने. कुंदा लहान असताना तिचे केस असेच गुंतायचे आणि दाताळं फिरताना खडी तिच्यासारखीच मान खाली घालून गप्प पडून राहायची. तिसऱ्या दिवशी गेली. या वेळी जाताना ओटीचा हातभर तुकडा घेऊन गेली.

ओटी आमची बारा हातांची. दुसऱ्या दिवशी अकरा भरली. फरशी तुटली नव्हती, फट पडली नव्हती, वासेही तेवढेच होते. फक्त झोपाळ्यात बसून पाय लांब केले की अंगठा समोरच्या भिंतीला लागायला लागला.

आठ खेपांनंतर झोका घ्यायला जागा उरली नाही. अपर्णा त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. शेंगा सोलत होती.

"माई," ती म्हणाली, "खडीला ओटी न भरता पाठवली. म्हणून ती ओटी घेऊन जातेय."

"खडीची ओटी कोण भरतं?"

"वन्संची तरी कुठे भरली होती."

"शेंगा सोल," मी म्हटलं.

तिला ठाऊक नसेल असं नाही, पण मीच लिहिते. आमच्या गौरी खड्यांच्या. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यातून सात खडे आणायचे. अनुराधेला येतात, ज्येष्ठेला जेवतात, मुळावर जातात, आणि जाताना त्यांची ओटी भरतात. अकरा वर्षांपूर्वी गौरी आल्या त्याच दिवशी कुंदा बॅग घेऊन आली. सासर सोडून आली होती, तसं तिने सांगितलं नाही, पण बॅग उचलून बघितल्यावर मला कळलं. तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी कुंदा माझ्यासमोर चहा पीत बसली होती. मी म्हटलं, "गौरसुद्धा अडीच दिवसांची असते."

एवढंच म्हटलं. तिने कप खाली ठेवला, बॅग घेतली आणि पाखाडी उतरायला लागली. तिच्या ओटीसाठी तांदूळ, नारळ आणि खण मी सुपात काढून ठेवले होते, पण ती थांबली नाही आणि मी हाक मारली नाही. वळून बघेल असं वाटलं होतं. एकोणसाठही पायऱ्या मोजल्या.

हे खडीला कोणी सांगितलं असेल ते मला माहीत नाही. पण शब्द माझाच होता आणि खडी तो पाळत होती.

आषाढात मी रस्त्याच्या कडेला पाट मांडून बसले आणि खडीची ओटी भरली. तांदूळ घातले, नारळ ठेवला, नवा खण ठेवला. मी कुणाचं ठेवून घेत नाही. तिसऱ्या दिवशी खडी गेली. तांदूळ होते तिथेच राहिले, नारळही, आणि खण नीट घडी घालून पाटावर ठेवलेला होता. ओटीचा शेवटचा हात मात्र नेला. त्यानंतर दार उघडलं की सरळ रस्ताच. झोपाळ्याच्या कड्या माजघरात लोंबत होत्या. पुढच्या खेपांना माजघर आखडायला लागलं. आम्ही कपाट स्वयंपाकघरात घेतलं, कॉट घेतली, मुलाच्या लग्नातला फोटो घेतला. शेजारची येसूबाई हळद मागायला आली ती दारातूनच हात लांब करून डबा घेऊन गेली. श्रावण संपताना घर म्हणजे चूल, देवघर आणि त्यांच्यापुढे लगेच उंबरठा, एवढंच उरलं होतं.

"काँक्रीट करू या," दाऊद म्हणाला.

"काँक्रीटने काय होईल?"

त्याने विचार केला. "नेताना जड जाईल," म्हणाला.

मग फोन आला. अपर्णाने चुलीपाशी उभं राहून तो घेतला. तिथून हलायला जागाच नव्हती, त्यामुळे माझ्या कानाला लागूनच सगळं चाललं होतं, तरी आम्ही रीत सोडली नाही.

"वन्सं विचारतायत, गाडी दारापर्यंत येते का?"

"सांग, येते."

"अनुराधेला सकाळी दहापर्यंत पोचतील म्हणतायत."

"बरं."

"किती दिवस राहू, असं आईला विचार म्हणतायत."

फोनमधून तिचा श्वास मला ऐकू येत होता. कुंदाचा श्वास लहानपणापासून डाव्या नाकपुडीत अडकतो. दोन म्हटलं असतं, चार म्हटलं असतं, राहा म्हटलं असतं तरी चाललं असतं, अपर्णाला एकच शब्द सांगायचा होता.

"दूध उतू जातंय," मी म्हटलं.

दूध खरंच उतू गेलं. फोन ठेवल्यावर अपर्णा ते पुसत म्हणाली, "माई, आता नेण्यासारखा एक उंबरठाच राहिलाय."

पावसाने खाणीत पाणी भरायला लागलं तशी दाऊदने खडी दोन दिवस आधीच आणून टाकली. म्हणजे ती अनुराधेच्या दुपारपर्यंतची होती. कुंदा सकाळी दहाला येणार, तेवढं पुरेसं होतं. पण घाटात दरड आली. दहा वाजले, बारा वाजले, आम्ही जेवून घेतलं. मी वाट बघत नव्हते, मुहूर्त बघत होते. दोन वाजता उठले, ताम्हन घेतलं आणि गौर आणायला पऱ्यावर उतरले.

गौर आमच्याकडे मीच आणते. आमचे हे गेल्यावर गावाने नावं ठेवली, मी गावाला ठेवली. गौर आणताना तोंडात पाण्याची चूळ धरायची असते. पऱ्यापासून उंबरठ्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. उंबरठ्याशी पायांवर दूधपाणी घेतलं की चूळ टाकायची आणि मगच बोलायचं. वर्षातून तेवढाच वेळ मी गप्प असते, म्हणून गाव मुद्दाम बघायला गडग्यांवर येऊन बसतं.

सात खडे वेचून मी चूळ भरली आणि निघाले. बेड्याशी आले तेव्हा गाडीचा आवाज झाला. पांढरी गाडी बेड्यातून आत शिरली, माझ्या पावलाला पाऊल लावून चढायला लागली, आणि काच खाली झाली.

"आई," कुंदा म्हणाली.

तिचे केस पांढरे झाले होते. मागच्या सीटवर बसून तिने काठी मांडीवर आडवी धरली होती. मी पुढे बघून चालत राहिले.

"चूळ धरली असशील. बरं झालं. मलाच बोलू दे." गाडीखाली खडी करकर वाजत होती, फार छान बसली होती. "अपर्णाला विचारलं तर ती म्हणते दूध उतू गेलं. किती दिवस राहू ते सांग. अडीच असतील तर अडीच. पण तू सांग. बॅग किती उघडायची ते मला ठरवता येईना."

वरती अपर्णा दूधपाण्याचा तांब्या घेऊन उंबरठ्यात उभी होती. मी चालत होते आणि ती जवळ येत नव्हती. एकोणसाठ पावलं झाली, मग आणखी एकोणसाठ. रस्ता तेवढाच होता, घरही दिसत होतं, फक्त आम्ही मध्यावरून पुढे सरकत नव्हतो. गडग्यावरून कोणीतरी म्हणालं, "म्हातारी दमली." ती विठाबाई होती. तिला मी नंतर बघणार होते.

तेवढ्यात पायाखाली हललं. जेवणं सगळीकडे आटोपली होती.

वरची खडी आधी उठली. माझ्या पावलांना वळसा घालून, गाडीच्या चाकांखालून अंग काढून घेऊन ती रांगेने उतरायला लागली. गाडी तांबड्या मातीवर टेकली आणि चाकं जागच्या जागी फिरली. दाऊद रोलरपाशी उभा होता.

"काकी, तुम्हीच बोला काहीतरी. माझं ऐकत नाही ती."

मी ताम्हन धरून उभी होते. ताम्हनातले सात खडे काठाशी येऊन उभे राहिले होते आणि खालची रांग बघत होते.

"नसेल बोलायचं तर गाडी वळवायला सांगते," कुंदा म्हणाली. तिने दार उघडून काठी मातीत टेकवली. काठी वीतभर आत गेली. वळवायलाही खाली काही उरलं नव्हतं.

मग वरून उंबरठा आला. रांगेच्या मधल्या खड्यांनी तो डोक्यावर घेतला होता, नीट, हळदीकुंकवासकट. त्याच्यामागे अपर्णा तांब्या सांभाळत चालत होती, कारण तिला दुसरीकडे उभं राहायला जागा नव्हती. तिच्यामागे नुसतं आकाश आणि आमच्या पोफळींचे शेंडे दिसत होते. उंबरठा माझ्यासमोर आला. उंबरठ्यापर्यंत बोलायचं नाही, असा नियम. उंबरठा आला होता, पण थांबला नव्हता. त्याचं अलीकडचं टोक माझ्या अंगठ्यावरून सरकलं आणि अपर्णाने चालता चालताच माझ्या पायांवर दूधपाणी ओतलं. पलीकडचं टोक यायला दोन हात उरले होते. कुंदाने काठी सोडून पदर दोन्ही हातांत धरला होता, पसरलेला नव्हता, नुसता धरलेला.

मी चूळ टाकली.

पाणी खडीवर पडलं आणि करकर बंद झाली. बेड्यापर्यंत पोचलेला पहिला खडा मागे वळला. मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा, अशी सगळी रांग खालून वरपर्यंत वळत आली, उंबरठा डोक्यावर तसाच धरून, आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.