सहा आकड्यांचा मासा

"हे कुणालाच पटायचं न्हाय. मी सोता बघितलं, तरी मलाच अजून पटलं न्हाय," असं म्हणून काळूरामनं कानावरची बिडी काढली आणि वाळूत ओढून ठेवलेल्या होडीला टेकून ऐसपैस बसला. नारळी पुनव तोंडावर आली होती. थळच्या किनाऱ्यावर शिवदास आपल्या होडीला निळा रंग देत होता. कान रिकामे होते, आणि रिकामे कान दिसले की काळूरामला राहवत नसे.

"बोल," शिवदास म्हणाला. "पण बेतानं."

"आषाढातली सकाळ. आमची नीरावैनी बाजारात पाटी मांडून बसलेली, मी शेजारी. वैनीच्या डोळ्यांत ह्यो मोठा मोतीबिंदू. हातात नोट आली की नाकाशी नेऊन बघायची. ऑपरेशनची तारीख मिळालेली, अलिबागच्या दवाखान्यात, सरकारी कार्डावर, फुकट. तेवढ्यात फोन वाजला. 'आजी, हेल्थ कार्डाच्या ऑफिसातून बोलतोय. कार्ड आज बंद होतंय. फोनवर आकडा आलाय, तेवढा सांगा.'"

शिवदासचा ब्रश थांबला. "सांगितला?"

"सांगितला असता तर त्या कार्डावर भलत्याच कुणाचं ऑपरेशन लागलं असतं, नि वैनी बसली असती जन्मभर चाचपडत! पण वैनीला वाटलं, गिऱ्हाईक भाव विचारतंय."

आता शिवदास हसू लागला. नीराबाईचा नेम सगळ्या बाजाराला ठाऊक होता. भवानी व्हायच्या आत ती स्वतःहून भाव सांगत नसे. पहिला आकडा गिऱ्हाइकानं बोलायचा.

"वैनी म्हणाली, 'माझी भवानी व्हायचीय. आधी तू बोल.' तो म्हणतो, 'मी कसा बोलू? आकडा तुमच्याकडं आलाय.' वैनी म्हणते, 'अरे, लाजतोस काय? बोल, मी वर-खाली करीन.' शेवटी तो रडकुंडीला येऊन ओरडला, 'आजी, सहा आकडी आहे हो!' वैनी म्हणाली, 'सहा आकडी? मेल्या, देवमासा घेतोस काय?'"

शिवदासनं हसताहसता निळ्या हातानंच डोळे पुसले. इथं थांबला असता तर काळूरामची अब्रू राहिली असती. वैनीनं फोन ठेवला होता, त्याच दुपारी दोघं दवाखान्यात जाऊन विचारून आले होते. "आम्ही फोन करून कुणाचा आकडा मागत नाही, कुणालाच सांगू नका," असं तिथल्या बाईंनी बजावलं होतं. गोष्ट इतकीच होती, आणि खरी होती. पण शिवदास इतका छान हसत होता! खऱ्या गोष्टीला थोडी फोडणी दिली तर कुणाचं काय जातं?

"पुढं ऐक," काळूराम म्हणाला. "तो चोर घासाघीस करून इतका दमला, की म्हणाला, 'आजी, आकडा राहू द्या, मासाच द्या.' दुसऱ्या दिवशी एसटीनं आला! वैनीच्या पाया पडला. वैनीनं त्याला ताजी फडफडीत सुरमई दिली, तुझ्या ह्या होडीएवढी. एसटीत मावेना. शेपटी मागच्या खिडकीतून बाहेर, आणि कंडक्टरनं सुरमईचं अर्धं तिकीट–"

"भावोजी!"

काळूरामची बिडी वाळूत पडली. होडीच्या पलीकडं नीराबाई उभी होती. डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा, कमरेवर हात.

"आकड्याचं खरं हाय, शिवदास," ती म्हणाली. "त्यो मी द्येवालापन सांगायची न्हाय." मग तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि दिराकडं टक लावून पाहिलं. नव्या डोळ्याला आता मिशीतला केसन् केस दिसत होता.

"पण आषाढात समद्या होड्या वर वढलेल्या! माझ्या पाटीत नुसती सुकट व्हती, सुकट! ताजी सुरमई काय तुमच्या मिशीत गावली? खोटं! साफ खोटं!"