तापीकाठचा चॅम्पियन

मी एक जुना कातडी पट्टा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी भित्रा आहे. माझ्या पोटावर पितळेचे दोन वाघ आहेत. पण ते घडवणाऱ्या तांबटाने वाघ कधी पाहिलेला नसावा, कारण दोघेही दूध सांडून पळालेल्या मांजरांसारखे दिसतात. त्यांच्या मधोमध कोरले आहे, ‘तापीकाठ चॅम्पियन’. हे वाचून कोणालाही वाटेल की हा पट्टा शूर असणार. तसे काही नाही.

नंदुरबारला भिला नावाच्या कारागिराने मला म्हशीच्या कातड्यातून कापले. ही १९३८ सालची गोष्ट. मोतीलाल नावाचा एक मॅनेजर गावोगावच्या यात्रांत ठोशांच्या कुस्तीचा तंबू लावत असे. पैलवानांना हातांत मऊ मोजे घालून दोरांच्या चौकोनात उभे करायचे, घंटा वाजली की ठोसे, घंटा वाजली की थांबायचे. त्यानेच मला बनवून घेतले. भिलाने मला मेण लावून चमकवले तेव्हा मी अगदी हुरळून गेलो. साऱ्या तापीकाठात आपल्यासारखा दुसरा नाही असे मला वाटले. कोवळ्या वयात असे वाटतेच.

त्याच वर्षी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत म्हसावदचा लोटन तंबूत उतरला. चोवीस वर्षांचा शेतकरी गडी, खांदे बैलासारखे. ठोशांचे त्याला काहीच ठाऊक नव्हते, पण तिसऱ्या फेरीत त्याने मोतीलालचा माणूस आडवा केला. मोतीलालने मला त्याच्या कमरेला बांधले आणि अट घातली की दरवर्षी इथे यायचे, मी सांगेन त्याच्याशी लढायचे, नाहीतर पट्टा परत द्यायचा.

लोटन मला घेऊन म्हसावदला परतला तेव्हा हलगी वाजत होती. आणि तिथेच सगळे बिघडले. गावचे जाणते पितांबर आबा माणूस मोठे सरळ, पण त्यांना कुस्तीची रीत तेवढी ठाऊक. कुस्तीत मिळालेला मान गावाचा असतो, आणि जायचा असेल तर तो चारचौघांत हरूनच जातो. आबांनी मला लोटनच्या कमरेवरून सोडवले आणि सर्वांना सांगितले, “हाऊ पट्टा लोटनना नही, गावना शे.”

मग त्यांनी मला मारुतीच्या देवळात खुंटीला टांगले. दर शनिवारी मला तेल आणि शेंदूर लागू लागला. पोरेसोरे माझ्या पाया पडत. भिलाला कळले असते तर बिचारा हसून हसून लोळला असता. मला मात्र हसू येईना. तंबूतली वस्तू देवळात गेली, आता ती परत कोण देणार?

दुसऱ्या वर्षी लोटन जिंकला, पण डाव्या डोळ्यावर ठोसा खाऊन. तिसऱ्या वर्षीही जिंकला आणि ठोसा पुन्हा तिथेच. त्यानंतर तो देवळात शिरताना त्याचा डावा खांदा चौकटीला लागू लागला. घंटेला हात घाली तो वीतभर बाजूला पडे. लोक म्हणत, चॅम्पियन झाला, आता तोऱ्यातच चालणार. मला मात्र तो तोरा वाटत नसे.

एकदा भर दुपारी देवळात चिटपाखरू नसताना तो आला. मिरची विकायच्या निमित्ताने तो नंदुरबारला जाऊन डॉक्टरांना दाखवून आला होता. मारुतीपुढे बसून हळू आवाजात म्हणाला, “देवा, डावा डोयाले काहीच दिखत नही. उजवाले ठोसा बसना ते मी आंधया व्हसू. पन गावले कसं सांगू?”

मित्रांनो, ही गोष्ट मला आणि मारुतीलाच ठाऊक, आणि आम्ही दोघेही मुके. त्या दिवसापासून मला झोप नाही. उंदरांनी मला कुरतडावे, चोराने न्यावे, असे नवस मी शेजारच्या देवालाच बोलत होतो. एवढ्या तेलाने उंदीरही आला नाही. दत्तजयंती जवळ येत गेली.

चौथ्या यात्रेला म्हसावद गाड्या जुंपून निघाले. आबांनी मला नव्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतले होते. या वर्षी समोर होता काठावरच्याच प्रकाशा गावचा भिकन. त्याचा ठोसा ओल्या उसासारखा बसतो, असे गाडीत कोणीतरी कौतुकाने सांगितले. लोटन हसला. मी फडक्यात तोंड लपवले.

तंबूमागच्या कनातीत आबांनी मला लोटनच्या कमरेला बांधले आणि ते बाहेर आपल्या माणसांत गेले. लोटनची बायको धनुबाई भाकरीचे गाठोडे घेऊन आत आली. बायका सहसा तिकडे येत नसत, पण तिला कोणी अडवले नाही. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि भिकन आला. त्याच्या कमरेला मी होतो.

म्हणजे माझ्यासारखाच पट्टा. तीच दोन मांजरे, तेच शब्द. मला वाटले माझेच भूत समोर उभे राहिले. भिकन माझ्याकडे बघतच राहिला. “माले ते सांगेल व्हतं, का असा पट्टा एकच शे,” तो म्हणाला.

भिकनच्या मागोमाग आलेल्या मोतीलालला लाज वाटली नाही. तापीला काठ केवढा, गावे किती, आणि गावागणिक चॅम्पियन नसला तर तंबूत यायचे कोणी, असे त्याने विचारले. आज जिंकेल त्याला ‘खानदेश चॅम्पियन’चा मोठा पट्टा देऊ म्हणून त्याने पेटी उघडली. पेटीत मोठे पट्टे एकावर एक रचलेले होते. मी ते सारे पाहिले आणि ज्या मानासाठी हा माणूस डोळे घालवायला निघाला होता तो मान मला त्या पेटीत गुंडाळलेला दिसला. मला माझीच किळस आली.

आता तरी लोटन माघारी फिरेल असे मला वाटले. पण त्याने मोजे उचलले. बाहेर गाव बसले होते आणि गावाला पेटी दिसत नव्हती. उशीर का होतो हे बघायला पितांबर आबा आत आले आणि बरोबर लोटनच्या समोर उभे राहिले. बाहेर घंटा वाजली.

तेव्हा घरात रोज त्याचा चुकणारा हात पाहत आलेल्या धनुबाईने गाठोडे खाली ठेवले. डोक्यावरचा पदर सारखा केला, मागून पुढे आली आणि नवऱ्याच्या उजव्या डोळ्यावर आपला तळवा घट्ट दाबला. “आते सांगा,” ती म्हणाली, “समोर कोन शे?”

लोटनने हात पुढे करून हवेत चाचपले. आबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी लोटनच्या उघड्या डोळ्यापुढे बोटे हलवली. डोळा हलला नाही. आबांचा चेहरा मातीसारखा झाला.

“मीच शे, लोटन,” ते म्हणाले. “मी पितांबर.”

मग त्यांनी माझे बक्कल सोडले. मला हातात घेऊन ते स्वतः दोरांपाशी गेले. सारी यात्रा बघत होती, प्रकाशा गावची माणसे शिट्या मारत होती. आयुष्यात कुठल्या फडात मान खाली न घातलेला तो म्हातारा मोठ्याने म्हणाला, “म्हसावद हारनं.”

लोक खूप हसले. तंबू हलेल इतके हसले. पण मित्रांनो, तीन वर्षांत पहिल्यांदा मला भीती वाटली नाही.

तेला-शेंदराने माखलेला म्हणून मोतीलालने मला परत घेतले नाही. आता मी लोटनच्या घरी कडब्याची पेंढी आवळायच्या कामी येतो. पितळ काळे पडले आहे. माझ्या जातीचे म्हातारे अशा वेळी जुन्या वस्तू जपा म्हणून विनवतात. मी तसे म्हणणार नाही. आम्हाला जपू नका. आम्ही पेटीभर आहोत. कमरेला आम्हाला बांधून उभा राहतो तो माणूस एकच असतो, टाळी वाजवण्याआधी त्याला दिसते आहे ना एवढे विचारा.