बाकीचा रावण

२००१ च्या भाद्रपदात मी महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून बायकांच्या रामायणाच्या ओव्या टेप करत फिरत होते. छापील पोथी आणि ओव्या यांची तुलना, असा माझा एम.ए.चा प्रबंध. मला तक्ता करायचा होता आणि एक ओवी चौकटीत बसेल तर शपथ. त्यामुळे मी सदा चिडलेली.

पोथीत धोब्याच्या बोलण्यावरून सीतेला वनवास. कुडपणच्या साळूबाई मात्र वेगळंच गायल्या. कैकयीने सीतेला भिंतीवर रावण काढायला लावला. सीतेने त्याच्या पायाचा अंगठा तेवढा पाहिलेला, तेवढाच तिने काढला. बाकीचा रावण सासूने रंगवला आणि रामाला बोलावून दाखवला. गाता गाता साळूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. पुढचं त्या गायल्याच नाहीत.

आठवड्याने वरंधला सारिका भेटली. साळूबाईंची सून, दोन महिने माहेरी बसलेली. मी लावलेली सासूची टेप ऐकून ती हसली. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

"बाई, आता माझा अंगठा आयका," ती म्हणाली. आषाढात खेडहून येताना कशेडी घाटात दरड आली, एसटी अडकली, म्हणून ती एका ट्रकमधून पोलादपूरला उतरली. "येवढंच. बाकीचं आत्याबाईंनी रंगवलं."

रविवारी सासरची माणसं सोडचिठ्ठी घेऊन येणार होती. कागदात 'वाईट चालीची' असं लिहिलं होतं. सही केली की तो डाग जन्माचा.

"रविवारी या, बाई. टेप घेऊन."

मी नाही म्हटलं. अभ्यासकाने कुणाच्या घरच्या भांडणात पडू नये, वगैरे. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. आणि म्हातारीने विश्वासाने गायलेलं तिच्यावरच उलटवायचं? तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी रविवारी पहिली एसटी पकडली.

ओटीवर सारिकाचे वडील गोमाजी मान खाली घालून बसले होते. समोर मुंबईहून आलेला नवरा, सुनील, आणि शेजारी साळूबाई. सुनीलने कागद पुढे सरकवला. सारिकाने माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं.

साळूबाईंचाच आवाज. सीतेने अंगठा काढला. मग सासूने पाय काढले, हात काढले, दहा तोंडं काढली.

"आये," सुनील हळूच म्हणाला, "तू हिला कुनासंगती पायलं व्हतंस काय?"

"बंद कर गो ते," साळूबाई माझ्यावर ओरडल्या. मी बंद केलं. मग त्या सुनीलकडे वळल्या.

"नाय पायलं. खोड ती ओळ."

सुनीलने ओळ खोडली. साळूबाई पदराने डोळे पुसत उठल्या. "चल गो पोरी, घरला चल."

सारिका जागची हलली नाही. "आत्याबाई, तुमच्या गान्यात म्होरं काय हाय? राम न्यायला येतो, तवा सीता जाते?"

माझ्या टेपवर ते नव्हतं.

"नाय जात," साळूबाई म्हणाल्या.

सारिकाने कागद ओढून घेतला आणि खोडलेल्या ओळीखाली सही केली.